खुंट्याचा मान

भाताच्या पातेल्यावरचं झाकण नाहीसं झालं तेव्हा पुनमनं ते फारसं मनावर घेतलं नाही. कुकरच्या डब्यावरची ताटली गेली तेव्हा मात्र तिनं छताकडं पाहिलं. वरून 'च्यॅक' असा आवाज आला आणि ताटली कुठं आहे त्याचा उलगडा झाला.

वरच्या मजल्यावर तिचा नवरा ज्ञानेश ड्रमसेटपुढं बसला होता. ज्ञानेश निघोज्याचाच, गावाजवळच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होता. तिथं तो दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायचा आणि शिफ्ट सुटली की घरी येऊन स्वतःच्या करायचा. मित्रांबरोबर त्याचा एक ग्रुप होता, आणि हा ग्रुप हळदीच्या कार्यक्रमांत वाजवायचा. आमच्या भागात हल्ली माणूस लग्नाला अक्षता टाकतो, जेवतो आणि गाडी काढतो. हळदीला मात्र शेवटचं गाणं होईपर्यंत जागचा हलत नाही. त्यामुळं ड्रमवाल्याला नवरदेवाच्या खालोखाल भाव असतो.

असा सगळा सुखाचा कारभार चालू असताना ज्ञानेशनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा देशातल्या एका दाढीवाल्यानं ड्रमसेटच्या एका झांजेवर दुसरी झांज ठेवून एकाच दांडीवर दोन्ही आवळल्या होत्या. याला म्हणे स्टॅक म्हणतात. एकटी झांज वाजवली तर तिचा आवाज बराच वेळ रेंगाळतो. दोन एकमेकींवर दाबून बसवल्या की एकाच सोफ्यावर बसवलेल्या दोन व्याह्यांसारखं होतं, कुणीच कुणाला धड बोलू देत नाही. मग जो तुटका, खरखरीत, फोडणीसारखा आवाज येतो, त्यावर ज्ञानेशचा जीव जडला.

दुसरी झांज विकत आणायची तर घरात आधीच बहिणीच्या, सायलीच्या लग्नाची गडबड. वडिलांपुढं झांजेचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यानं घरातल्याच वस्तूंवर प्रयोग सुरू केले. स्टीलचं झाकण भांडल्यासारखं वाजायचं, ॲल्युमिनियमचं आजारी असल्यासारखं. झाकणं गेली, ताटल्या गेल्या, पोळ्यांच्या डब्याचं तोंड उघडं पडलं. शेवटी पुनम वर गेली, ड्रमसेटची सगळ्यात लहान झांज काढून खाली घेऊन आली आणि तिनं ती भाताच्या पातेल्यावर ठेवली. मधल्या भोकातून वाफ बेताची निघून गेली आणि भात असा मोकळा झाला की सासऱ्यांनी दोनदा मागून घेतला. ती झांज मग स्वयंपाकघरातच राहिली.

एका सुट्टीच्या दिवशी ज्ञानेश नवीन काही मिळतंय का ते पाहायला माळ्यावर चढला. गाद्यांच्या मागं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक ताट त्याच्या हाताला लागलं. चांगलं रुंद, दोन पावलं मावतील एवढं काशाचं ताट. बरेच दिवस न घासल्यामुळं काळवंडलं होतं. त्यानं सहज टिचकी मारली आणि ताट असं गोड वाजलं की तो माळ्यावरच मांडी घालून बसला. आणखी एक टिचकी मारली, मग आणखी एक. पुढचं सगळं त्या टिचक्यांनी घडवलं.

दांडीवर बसवायचं तर ताटाला मध्ये भोक हवं. ज्ञानेश ताट घेऊन गोरक्षकडं गेला. गोरक्ष त्याचा शाळेपासूनचा मित्र, रस्त्याला लागून त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्यानं ताट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "भावा, ताट हाय कुणाचं?"

"घरातलंच हाय," ज्ञानेश म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

क्वालिटीचा माणूस असल्यामुळं त्यानं ताटाचा मध्य काढण्यात बराच वेळ घातला. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, खूण केली, खूण पुसली. ताटाच्या काठावर जुन्या पद्धतीनं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एक नाव होतं, ते तेवढं त्यानं वाचलं नाही. भोक मात्र अगदी मधोमध पडलं. घरी येऊन त्यानं ताट झांजेवर बसवलं, आवळलं आणि काडी मारली.

हाच तो आवाज होता. तुटका, खरखरीत आणि शेवटी किंचित गोड. ज्ञानेशनं ग्रुपमधल्या प्रत्येकाला फोन लावून तो ऐकवला. दुसऱ्या टोकाला सगळ्यांना तो फोनमधल्या बिघाडासारखा ऐकू आला, पण मित्र चांगले होते, वा वा म्हणाले.

थोड्या वेळानं पुनम चिंचेचा कोळ आणि काथ्या घेऊन माळ्यावर गेली. मग ती खाली उतरली, तशीच वरच्या मजल्यावर गेली आणि दारात उभी राहिली. तिच्या हातात नुसतं लुगडं होतं.

"हे ताट कुठून आणलंत?"

"माळ्यावरनं. जुनं पडून होतं गं."

"पडून नव्हतं. मी ठेवलं होतं," पुनम म्हणाली. "तुमच्या हाताला लागू नये म्हणून."

आता ते ताट कुणाचं ते सांगायला हवं. ज्ञानेशच्या थोरल्या चुलतीचं, सोजराबाईंचं ते ताट. सगळी भावकी त्यांना नानी म्हणते. हे ताट नानी माहेराहून घेऊन आल्या होत्या. नानींना मूलबाळ झालं नाही. पण भावकीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न असलं की नवरदेवाचे पाय धुवायला नानींचं ताट आधी जायचं आणि मागून नानी जायच्या. मांडवात ताट ठेवलं की त्या त्याच्या शेजारी बसायच्या, आणि त्या दिवशी ती मुलगी त्यांची व्हायची. भावकीतल्या झाडून सगळ्या मुली अशा नानींच्या ताटावरून सासरी गेल्या होत्या, आणि आता सायलीच्या लग्नासाठी नानींनी ते आधीच पुनमकडं पाठवून दिलं होतं. हे ज्ञानेशला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लग्नात तो कायम स्पीकरच्या बाजूला असायचा, ताटाच्या बाजूला कधी गेलाच नव्हता. आणि त्याचे स्वतःचे पाय धुतले गेले होते ते सासरच्या ताटात.

त्यानं दांडीवरचं ताट काढलं, काठ शर्टाच्या बाहीनं पुसला आणि नाव वाचलं. 'सोजरा'. लहानपणी बापाचा मार चुकवायला तो ज्या पदराआड लपायचा, तो पदर याच सोजराचा. आता सायलीच्या लग्नात भरल्या मांडवात नानींच्या ताटाला भोक दिसणार, आणि ते कुणी पाडलं हे विचारायचीही गरज पडणार नव्हती. निघोज्यात एवढं मधोमध भोक पाडणारा दुसरा कोण होता?

लग्न तोंडावर आलं होतं. नानींचा रोज फोन यायचा, ताट चिंचेनं घासलं का म्हणून. पुनम खरं तेच सांगायची, घासलं म्हणून.

ज्ञानेश पुन्हा गोरक्षकडं गेला. गोरक्षनं हात वर केले. काशाला वेल्डिंगची आंच लावली तर तडकायचं, म्हणाला, मग ताटाचे दोन तुकडे होतील. ज्ञानेशनं पुट्टी भरून पाहिली, ती चिंचेच्या पाण्यानं सुटून आली. पुण्यात जाऊन असंच दुसरं ताट आणावं असंही मनात आलं, पण काठावरचं नाव आणि त्यातला तो वाकडा 'रा' कुठून आणणार? शेवटी क्वालिटीवाल्या डोक्यानं मार्ग काढला. भोकात बोल्ट घालायचा. खालून चपटं डोकं, रबराचा वायसर, आणि वरून गोल टोपीचा स्टीलचा नट, म्हणजे पायाला बोचणार नाही. ताट डगमगू नये म्हणून खाली कापडाची चुंबळ. वरून पाणी, गुलाबाच्या पाकळ्या आणि हळदीकुंकू. सगळं तीन मिनिटांत उरकतं, कोण बघतंय.

गच्चीवर चाचणी झाली. ताटात पाणी भरून खाली कागद ठेवला. कागद कोरडा राहिला. ज्ञानेशनं समाधानानं मान हलवली.

"त्यात कुणी पाय ठेवलाय का?" पुनमनं विचारलं.

मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ज्ञानेश ताटात उभा राहिला. शेजारच्या खोल्यांतले भाडेकरू कपडे वाळत घालायला आले होते. सकाळच्या उन्हात, ताटात, हात जोडून उभा असलेला मालकांचा मुलगा पाहून ते आल्या पावली खाली गेले. हात जोडायचं काही कारण नव्हतं, पण तेवढं त्याच्या हातून आपोआपच झालं. कागद कोरडाच राहिला.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव सार्थक रावेतचा, कॉम्प्युटरवर काम करणारा, स्वभावानं गरीब मुलगा. त्याच्याबरोबर त्याची आत्या कस्तुराबाई आली होती, आणि ती स्वभावानं तशी नव्हती. पाय धुण्याची वेळ झाली. सार्थकला खुर्चीवर बसवलं, पुढं चुंबळीवर ताट आलं. ताटात इतक्या पाकळ्या होत्या की पाणी शोधावं लागत होतं. नानी नेहमीप्रमाणं ताटाशेजारी बसल्या. ज्ञानेश त्या दिवशी पहिल्यांदाच स्पीकरजवळ नव्हता. तो ताटाच्या मागं वाकून उभा होता आणि त्याच्या खिशात पाना होता.

सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. एक गोष्ट तेवढी हिशोबात धरलेली नव्हती. मांडवाच्या दोन्ही बाजूंना मोठाले एलईडी पडदे लावले होते आणि कॅमेरावाला हौशी होता. ज्ञानेशच्या वडिलांनी, सावळारामांनी, पहिला तांब्या ओतला तशा पाकळ्या वाहून कडेला गेल्या. कॅमेरावाल्याला ताटात काहीतरी चमकताना दिसलं आणि त्यानं ते जवळ घेतलं. दोन्ही पडद्यांवर तो नट देवळाच्या घुमटाएवढा होऊन झळकला. मागच्या रांगेत वाफाळता चहा पिणाऱ्या माणसालाही तो नीट दिसला असणार.

सार्थकनं पाय ठेवला आणि लगेच उचलला. खाली काहीतरी आहे, असं तो हळूच म्हणाला. कस्तुराबाई पुढं झाल्या, ताटात वाकल्या, मग पडद्याकडं पाहिलं, मग पुन्हा ताटात.

"हे काय म्हणायचं, इहीणबाई?" त्यांनी नानींना विचारलं. "आमच्या पोराच्या पायाखाली नट?"

सावळारामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते तांब्या हातात धरून तसेच राहिले. सायलीनं मुंडावळ्यांतून भावाकडं पाहिलं. बहीण भावाला फार लवकर ओळखते. ज्ञानेशचा हात खिशातल्या पान्यावर गेला. आता बोलावं, सगळ्यांदेखत कबूल करावं, असं वाटून तो सरळ उभा राहिला.

नानींनी चष्मा सारखा केला. त्यांनी नट पाहिला, नटाभोवतीचं भोक पाहिलं, आणि मग मान वळवून ज्ञानेशकडं पाहिलं. काय कळायचं ते त्यांना तेवढ्यात कळलं.

"खुंटा हाय त्यो," नानी म्हणाल्या.

"कसला खुंटा?"

"आमच्यात असतो. जावयानं त्याच्यावर अंगठा टेकायचा अन् मनातल्या मनात कबूल करायचं."

"काय कबूल करायचं?" सार्थकनं घाबरत विचारलं.

"त्ये तुमचं तुमाला ठावं, पाव्हणं," नानी म्हणाल्या. "आमी कशाला सांगावं?"

आता कस्तुराबाईंची पंचाईत झाली. रीत म्हटल्यावर हसता येईना, आणि माहीत नाही म्हणावं तर कमीपणा. त्यांनी एकदा सगळ्या मांडवावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "असतो की. आमच्यात बी असतो. पण आमचा चांदीचा असतो."

कस्तुराबाईंना माहीत आहे म्हटल्यावर मांडवातल्या बाकीच्या बायकांनाही आठवायला लागलं. कुणाच्या आजोळी खुंटा होता, कुणाच्या चुलत सासूनं पाहिला होता. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि कुठंही चालेल असा एक मंत्र म्हणायला घेतला. नटाला हळदीकुंकू लागलं. सार्थकनं अंगठा टेकला, डोळे मिटले आणि कबूल करायला सुरुवात केली. पोरगं प्रामाणिक निघालं. कबूल करण्यासारखं त्याच्याकडं बरंच असावं, कारण तो डोळे उघडीचना, आणि जसजसं आठवेल तसतसा अंगठा जोरात दाबत गेला. तेवढ्या दाबानं रबराचा वायसर सरकला. ताटातलं पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं, चुंबळ भिजली, आणि सार्थकनं डोळे उघडले तेव्हा ताट कोरडं होतं.

"पाणी खुंट्यानं घेतलं," नानी लगेच म्हणाल्या. "लई चांगलं."

सावळारामांनी दुसरा तांब्या मागवला. टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही, पण बराच वेळ वाजत राहिल्या.

त्या दिवशी नानी ज्ञानेशशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाठवणीला रडल्या, सायलीच्या पाठीवरून हात फिरवला, ताट पिशवीत घातलं आणि गेल्या. रागावल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. ज्ञानेशला जेवण जाईना. त्यानं ड्रमसेटवर चादर टाकली आणि सगळी झाकणं आपल्या हातानं घासून पुनमला परत दिली. लहान झांज तेवढी पुनमनं परत केली नाही.

शेवटी धीर करून तो माफी मागायला नानींच्या घरी गेला. तिथं भावकीतले रंगराव येऊन बसले होते. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर होतं आणि ते ताट सांगून ठेवायला आले होते. त्यांचा एकच हट्ट होता, ताट खुंट्यासकट पाहिजे. सायलीच्या लग्नात पाहिल्यापासून त्यांच्या मंडळींना झोप नव्हती. शिवाय त्यांना एक शंकाही विचारायची होती. थोरल्या मुलीच्या वेळी हा खुंटा राहून गेला, म्हणूनच तिची सासू अशी वागते का? आणि आता जावयाला घरी बोलावून नुसता अंगठा टेकवून घेतला तर चालेल का?

चालंल, असं नानी म्हणाल्या. मात्र खुंटा बसवायचा मान ज्ञानेशचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. रंगराव उठले, त्यांनी ज्ञानेशला आदरानं रामराम केला आणि लग्नात टॉवेल-टोपी तयार ठेवतो म्हणाले.

ते गेल्यावर ज्ञानेश नानींच्या पायाशी बसला. काय बोलायचं ते तो वाटेत घोकून आला होता, पण सगळं विसरला आणि लहानपणी म्हणायचा तेच म्हणाला, "नानी, चुकलो."

नानींनी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. माहेरची वस्तू म्हणजे काय, हे सांगितलं. ते ताट घेताना बाप किती दुकानं हिंडला ते सांगितलं. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले आणि ज्ञानेशचेही आले. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "भोक पाडल्याव कसं वाजलं रं?"

चांगलं वाजलं, असं ज्ञानेश खाली मान घालून म्हणाला.

"मग चल. दाव वाजवून."

त्याच दिवशी संध्याकाळी नानी ताटाची पिशवी घेऊन ज्ञानेशच्या वरच्या मजल्यावर आल्या. पुनमनं प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. सावळारामही जिन्यात येऊन थांबले होते, पण आपण ऐकायला आलेलो नाही असं दाखवत होते. ज्ञानेशनं चादर काढली, बोल्ट सोडवला, ताट झांजेवर बसवलं आणि आवळलं. हळदीत हजार माणसांपुढं वाजवणारा गडी एका म्हातारीपुढं पार गळाठून गेला होता. तरी त्यानं वाजवलं. आधी सावकाश, मग रंगात येऊन, मोठ्या ड्रमवर ठेका धरून, मध्येमध्ये ताटाचा तो तुटका, खरखरीत, शेवटी किंचित गोड आवाज पेरत. नानी भाजीतलं मीठ बघावं तशा चेहऱ्यानं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"आवाज चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पण त्यो ताटाचा हाय. तुझा अजून यायचाय."

पुनम पदर तोंडाला लावून खाली निघून गेली. ज्ञानेशनं ताट काढून पिशवीत घालायला घेतलं. नानींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापशी. लगीन असंल तवा आणून दे, बाकीच्या दिवशी वाजव," त्या उठत म्हणाल्या. "पोरींचं लई केलं त्या ताटानं. आता एका पोराचं करू दे."